करंगळीपर्यंतची वाट

"हळू. घाई कोणाले आहे?"

शाळेतला व्यायामशिक्षक दिवसभर हे वाक्य म्हणत असेल यावर तुमचा विश्वास बसणार नाही. सुरुवातीला आमचाही बसला नव्हता. पीटीचे सर म्हटले की गळ्यात शिट्टी, हातात छडी आणि मैदानाच्या टोकापर्यंत पोचणारा आवाज, हेच आपण सगळे पाहत आलो आहोत. आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेतल्या सरांच्या गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मी क्वचितच ऐकली. ते मैदानाच्या मधोमध उभे राहायचे, गुडघे किंचित वाकवायचे, काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं उचलावं तसे दोन्ही हात वर आणायचे, आणि मग एक पाऊल टाकायला इतका वेळ घ्यायचे की मागच्या रांगेतली पोरं तोवर पाणी पिऊन परत यायची.

पोरांनी त्यांचं नाव 'स्लो मोशन सर' ठेवलं होतं. ते सरांना माहीत होतं. एकदा एका मुलाच्या तोंडून ते त्यांच्यासमोरच निसटलं, तर सर म्हणाले, "बरोबर आहे. पण मोशन तं आहे ना, बापा?" आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून पुढे गेले.

तरुणपणी ते ज्युडोच्या शिबिराला भोपाळला गेले होते. तिथे पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखातले एक प्रशिक्षक होते. ते पहाटे एकटेच एका कोपऱ्यात हा हळू चालणारा चिनी व्यायाम करायचे. सर ज्युडो तिथेच विसरले आणि हे घेऊन आले. याचं नाव ताई-ची. त्यांनी स्टाफरूममध्ये पहिल्यांदा ते नाव सांगितलं तेव्हा आमच्या संस्कृतच्या बाईंनी अतिशय गंभीर चेहऱ्याने विचारलं, "कोणाच्या ताईची?" सगळ्यांबरोबर सरही हसले. स्वतःवर हसायला त्यांना कधी जड गेलं नाही. हसून झालं की ते जे करत होते तेच पुन्हा करायला लागायचे.

भोपाळहून त्यांनी एक तक्ताही आणला होता. खेळाच्या खोलीत कॅरमबोर्ड आणि क्रिकेटचे पॅड यांच्या मधल्या भिंतीवर तो टांगलेला असे. एक टक्कल पडलेला उघडा माणूस, आणि त्याच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत ठिपक्याठिपक्यांच्या रेघा. आमचे प्राचार्य तो पाहून म्हणाले होते, "सर, हा काय रेल्वेचा नकाशा लावला?" सरांनी त्यांना समजावून सांगितलं. चिनी वैद्य मानतात की माणसाच्या अंगात जीवशक्ती वाहते आणि ती ठरलेल्या वाटांनीच वाहते. फुप्फुसाची एक वाट, पोटाची एक, हृदयाची एक. वाट अडली की दुखणं आलं. वाटेवरचे हे ठिपके दाबले की ती मोकळी होते. आणि माणूस बरीच वर्षं असा हळू हलत राहिला, तर एक दिवस ती शक्ती वाहताना त्याला आतून जाणवते. प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कॅरमच्या सोंगट्या का कमी आहेत ते विचारलं.

मी जीवशास्त्र शिकवते. माझ्या प्रयोगशाळेत प्लास्टिकचा सांगाडा आहे, त्याला मुलं 'मामाजी' म्हणतात. रिकाम्या तासाला सर यायचे, आधी मामाजींना हात जोडायचे आणि मग मला छेडायचे.

"मॅडम, यायच्यात वाटा कुठी आहेत?"

"नाहीत. असत्या तर एव्हाना सापडल्या असत्या. माणसाला किती वेळा कापून पाहिलंय लोकांनी."

"मेलेल्याले कापून पायलं ना?"

"मग काय जिवंताला कापायचं, सर?"

"तसं नाही म्हणत. आमच्या मोहगावच्या वावरात संत्र्याले आधी दांडानं पाणी देत होतो." दांड म्हणजे विहिरीपासून झाडापर्यंत मातीत काढलेला चर. "मंग ड्रिप आलं. दांड वाळला, वरून नांगर फिरला. आता तुमी ते वावर खणा. दांड सापडन काय? पण पाणी तं गेलं होतं ना, बाप्पा. झाड पायलं की समजते."

"दांडाची माती तपासली तर कुठे ना कुठे ओल सापडते. तुमच्या वाटेत काय सापडतं?"

यावर दुसरा कोणी चिडला असता, नाहीतर हजारो वर्षांच्या परंपरेचं काहीतरी बोलला असता. सर विचारात पडले. खरोखरच पडले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मला गाठून म्हणाले, "मॅडम, लय इचार केला. त्या ओलीचं काही सुचलं नाही." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

त्यांना कोणी भोंदू म्हटलं तर मला राग यायचा, आणि तो राग मी स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवायची. गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या एका काठावरून सावरगाव आणि दुसऱ्यावरून पांढुर्णा एकमेकांवर गोटे फेकतात, दरवर्षी डोकी फुटतात. सर त्या दिवशी कापूस आणि पट्ट्यांची पिशवी घेऊन आमच्या काठावर बसायचे. कोणाच्या हाताचा ठिपका दाबत बसले नाहीत. जखम बांधायची आणि माणसाला टाक्यांसाठी पाठवून द्यायचं. "रक्त निघालं तं डॉक्टर, वाट अडली तं मी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आपली हद्द त्यांना नीट माहीत होती, निदान दुसऱ्याच्या अंगावरची तरी.

माझी अर्धशिशी त्यांनी एकदा अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधली जागा दाबून थांबवली. मी म्हटलं, चहाने थांबली. पुढच्या वेळी त्यांनी आधी चहा मागवला, मी तो पूर्ण पिईपर्यंत समोर बसून राहिले, आणि मग विचारलं, "थांबली?" नव्हती थांबली. मी मुकाट्याने हात पुढे केला. "दुखणं मेंदूपर्यंत पोचतं तेव्हा दुसरी एखादी संवेदना त्याला अडवू शकते," असं मी हात दाबून घेता घेता त्यांना सांगत होते. ते म्हणाले, "सांगा, सांगा. मी दाबून राहिलो तवर."

सकाळी शाळेच्या मैदानावर गावातली काही माणसं त्यांच्याकडे शिकायला यायची. संत्र्याचे एक व्यापारी शेठ, पेन्शनीतले दोन-चार कारकून, बाजारातल्या दुकानदारांच्या बायका. मीही जायची. विश्वास होता म्हणून नव्हे, गुडघे दुखत होते म्हणून. व्यायाम झाला की सगळे डोळे मिटून उभे राहायचे आणि मग एकेकाला काय काय जाणवलं ते सुरू व्हायचं. कोणाला तळव्यात ऊब, कोणाला पाठीत मुंग्या. शेठ म्हणायचे, "सर, आज तो पूरा करंट दौडा!"

"तुमाले आलं?" सर मनापासून विचारायचे. "चांगलं आहे ना. मले तं अजून नाही."

असं कोणी गुरू बोलतो का? शेठ पुढे योगाच्या दुसऱ्या वर्गाला जायला लागले, तिथले गुरुजी सगळं जाणवल्याचं सांगत होते. मी सरांना झापलं, म्हटलं थोडं खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं. ते म्हणाले, "वाट आहे हे मले माहीत आहे, मॅडम. माह्या अंगातून अजून कोणी चाललं नाही, एवढंच." हसत म्हणाले, पण नंतर मैदानावरच्या पावलांच्या खुणा पायाने पुसत बराच वेळ तिथेच रेंगाळले. इतक्या वर्षांत मला त्यांच्यात दिसलेलं एकुलतं एक दुःख ते हेच.

त्यांचं घर माझ्याच गल्लीत. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली, घरात दोघंच. वहिनी तोंडाने तिखट. दारात तांदूळ निवडत बसलेल्या असल्या की मला थांबवून म्हणायच्या, "आमचे हे रोज सकाळी उठून हवा धरायले जातात. मी म्हणलं एखाद्या दिवशी पिशवी नेत जा, थोडी भरून आणा." सर आतून ओरडायचे, "आयकून राहिलो मी." वहिनी म्हणायच्या, "आयका ना. तुमच्यासाठीच सांगून राहिली." संध्याकाळी सर त्यांचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन तळवे दाबत बसायचे. तेवढं चिनी मात्र चांगलं आहे, असं वहिनी मला हळूच सांगायच्या.

त्या वर्षी थंडी पडायला लागली होती आणि बाजारात संत्र्यांचे ढीग लागले होते. मी प्रयोगशाळेत कांद्याच्या पापुद्र्याच्या काचपट्ट्या मांडत होते. सर आत आले. मामाजींना हात जोडले नाहीत. पहिला नंबर आलेल्या पोराचा असतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"मॅडम, आलं."

"काय आलं?"

"ते! काही दिवसांपासून थोडं थोडं होतं, म्या म्हणलं भास असन. आज सकाळी पुरं आलं. काखेतून निघालं अन् हाताच्या आतल्या अंगानं थेट करंगळीत. तक्त्यात आहे तसंच्या तसं. हृदयाची वाट आहे ती, मॅडम. हृदयाची!"

माझ्या हातातली काचपट्टी खाली ठेवायचं मला सुचेना. एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता.

मी एकेक विचारत गेले. डावा हात? डावाच. चालताना येतं का? हो, मैदानावर, अन् जिना चढताना बी येऊन राहिलं. थांबलं की थांबतं? थांबते, म्हणून तं हळू करतो. छातीत काही? यावर ते थोडे लाजले. "छाती भरून येते," म्हणाले. "आनंदानं येत असन."

मला त्यांना मिठी मारून रडावंसं वाटलं. पण मी शिक्षिका आहे आणि रागावणं मला लवकर जमतं, म्हणून मी रागावले. म्हटलं, सर, हे तुमचं चिनी काही नाही, हे हृदयाचं दुखणं आहे. त्याला रक्त पुरत नाही म्हणून ते ओरडतंय. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला.

"हृदयाचं असन तं छातीत दुखन ना? करंगळी काहून दुखते?"

मी त्यांना फळ्यावर काढून दाखवलं. हृदयाकडून येणाऱ्या नसा आणि हाताच्या आतल्या बाजूने येणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात एकाच ठिकाणी शिरतात. मेंदूला कळत नाही बातमी कुठून आली. त्याला वाटतं हातच दुखतोय.

सर फळ्याकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू पुन्हा उजळला. "म्हणजे हृदयापासून करंगळीपर्यंत वाट आहेच ना! तुमच्या पुस्तकात बी आहे!"

मी वर्गात आणि शाळेत पुस्तकी भाषा बोलते. त्या वेळी नाही बोलले. "वाट आहे म्हणा, सर," मी म्हटलं, "पण त्या वाटेनं मरण येऊन राहिलं."

 मग ते माझ्याबरोबर निघाले, मुकाट्याने, आणि वाटेत एकदाही हळू म्हणाले नाहीत.

गावातल्या डॉक्टरांनी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली आणि आजच नागपूर गाठा म्हणून सांगितलं. हृदयाच्या नळ्या तपासाव्या लागतील, बहुतेक उघडाव्या लागतील. तोवर दुखलं तर जिभेखाली ठेवायला बारीकशा गोळ्या दिल्या, ठेवली की मिनिटभरात दुखणं थांबेल. सरांनी सगळं नीट ऐकलं आणि म्हणाले, "दोन-चार दिवस द्या, डॉक्टरसाहेब." डॉक्टर नको म्हणत राहिले. मी आणि निरोप मिळताच धावत आलेल्या वहिनींनी आकाशपाताळ एक केलं. सर कोणावर आवाज न चढवता घरी येऊन बसले. पुण्याला लेकीला कळवायचं नाही, ती घाबरेल, असंही त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी माझ्याकडे आल्या. चेहरा उतरलेला होता. "मॅडम, हे गोळी ठेवत नाहीत. आलं की डोळे मिटून बसतात. येऊ देतात. मी गोळी पुढं केली तं म्हणतात, थांब, जाऊ नको देऊ."

मी तशीच उठून गेले. सर पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. माझी सगळी बोलणी त्यांनी खाली मान घालून ऐकली. मग म्हणाले, "ते नळी उघडतात, त्याच्यानंतर हे बंद होईन?"

"होईल. त्यासाठीच उघडतात."

"पुरं बंद?"

"पुरं."

त्यांनी डावा तळहात उलटून पाहिला. "मॅडम, मले माहीत आहे हे दुखणं आहे. मी येडा नाही. तुमी फळ्यावर काढलं ते समजलं मले. पण सगळ्यायले काही ना काही जाणवत होतं. पोरायले, शेठले, बायायले. मीच एक कोरडा होतो. आता जे बी आहे, दुखणं तं दुखणं, पण त्याच वाटेनं येऊन राहिलं. अन् आल्या आल्या त्याले घालवून देऊ? चार दिवस बी बसू नको देऊ?"

 मी इतकंच विचारलं, "आणि वहिनींचं काय?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. सरांनी तिकडे पाहिलं. त्यांच्या तिखट तोंडातून त्या वेळी एक शब्दही निघाला नाही, आणि मला वाटतं त्यानेच सर हरले. "उद्या जाऊ," ते म्हणाले. "सकाळच्या गाडीनं. गोळ्या तू तुह्यापाशी ठेव." मोटारीने चला म्हटलं तर धक्के बसतात म्हणाले, आणि नागपूरला दवाखान्यात जायचं तर आमच्याकडे सगळे रेल्वेनेच जातात. मीही रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर जायचं ठरवलं.

सकाळी स्टेशनवर कोवळं ऊन होतं. दोघं बाकावर बसले. सरांनी स्वेटर आणि मफलर घातला होता, हजामत केली होती, ते अगदी लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. मी त्यांना तसं म्हटलंही, आणि ते हसले. गाडीची घोषणा झाली तशी आपला डबा कुठे लागेल ते विचारायला मी पुढे गेले. परत येताना मला बाकाभोवती माणसं दिसली.

सरांचं डोकं वहिनींच्या खांद्यावर होतं. त्यांच्या उजव्या हातात वहिनींची करंगळी होती. रेल्वेची माणसं धावली, स्ट्रेचर आलं, आम्ही त्यांना घेऊन गावातल्या दवाखान्यात पोचलो, पण पोचण्याआधीच मला कळलं होतं. मी मानेपाशी बोटं ठेवून पाहिलं होतं. इतकी वर्षं मुलांना नाडी बघायला शिकवते, माझी चूक होणार नव्हती. व्हावी असं मात्र सारखं वाटत होतं.

मैदानावर आता दुसरे सर आहेत. त्यांची शिट्टी माझ्या प्रयोगशाळेपर्यंत ऐकू येते. मुलं पळतात, स्पर्धाही जिंकतात. मला त्या सरांचा राग यायचं काही कारण नाही, पण येतो.

तेराव्यानंतर वहिनींना त्यांचा भाऊ सौंसरला घेऊन गेला. काही दिवसांनी मी बसने त्यांना भेटायला गेले. भावाचं घर मोठं, माणसांनी भरलेलं. वहिनी मागच्या अंगणात एकट्या बसल्या होत्या. भावजयीने चहा आणून दिला आणि ती आत गेली. मग वहिनी एकदम म्हणाल्या, "मॅडम, गोळी माह्या मुठीत होती."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तुमी डबा पाहाले गेल्या अन् त्यायले आलं. चेहऱ्यावरून समजते ना मले. मी गोळी काढली. तं म्हणतात, एक मिनिट थांब, आधी हात दे. टेसनावर, सगळ्या लोकायसमोर माहा हात घेतला. लग्नानंतर चारचौघात त्यायनं कधी हात नाही धरला, मॅडम. म्हणे, पाह, तुले दाखवतो कसं जाते. अन् इथं काखेपासून बोट लावलं. त्यायच्या हातातून जसं जसं चाललं, तसं तसं माह्या हातावरून बोट नेत गेले. आता इथं आलं. आता इथं. मले वाटलं, दाखवू द्या, बाप्पा. जलमभर मी हसत राहिली त्यायले, आज पाहून घेतो. करंगळीपाशी आलं, अन् बोट थांबलं. मी म्हणलं आता गोळी घ्या. मूठ उघडली तं घामानं गोळीचं पीठ झालं होतं."

त्यांना काय हवं होतं ते मला समजलं. नुसती समजूत नको होती, ती घालणारे घरात भरपूर होते. मी त्यांना वर्गात सांगते तसं सगळं सांगितलं. वहिनी, ती गोळी दुखणं कमी करते, बंद झालेली नळी उघडत नाही. त्या सकाळी नळी पुरी बंद झाली. गोळी जिभेखाली असती तरी सर राहिले नसते. फक्त त्यांना ती वाट जाणवली नसती.

"खरं सांगून राहिल्या?"

"मी शिकवते, वहिनी. खरंच सांगते."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग माझ्या जवळ सरकल्या आणि डावी बाही वर करून हात माझ्या मांडीवर ठेवला.

"मंग एक सांगा. काखेतून कोपरापर्यंत आठवते मले. मनगटापासून करंगळीपर्यंत बी आठवते. कोपरापाशी कोणीकडून गेले ते आठवत नाही. मागून का पुढून? रोज आठवून पाहतो, मॅडम, येतच नाही. तुमाले माहीत असन."

मला दोन्ही माहीत होतं. पुस्तकातली करंगळीची नस कोपराच्या मागून जाते, टोकदार हाडाशेजारच्या खोबणीतून. कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत मुंग्या येतात त्या तिच्यामुळेच. हे मी दरवर्षी शिकवते आणि परीक्षेत विचारते. सरांच्या तक्त्यातली वाट कोपराच्या पुढून जाते, हात दुमडला की जी घडी पडते तिच्या आतल्या टोकाशी. दोन्हींच्या मध्ये बोटभर हाड आहे, तेवढंच.

मी त्यांच्या काखेपाशी बोट टेकवलं आणि दंडाच्या आतल्या अंगाने हळूहळू खाली आणलं. वहिनींनी डोळे मिटले. कोपर आलं.

मी पुढून नेलं.

मनगटात बांगड्या नव्हत्या, बोट कुठे अडलं नाही. तळव्यावरून ते करंगळीत गेलं आणि नखापाशी आलं, तशी वहिनींनी माझ्या बोटासकट मूठ मिटून घेतली.

"आता काढू नका, मॅडम," त्या म्हणाल्या. "जरासं राहू द्या."